‘केनेल कफ’मधला कफ कोणता?

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय: ‘दिवाळीत गावी गेलो तेव्हा कुत्र्याला चार दिवस डॉग हॉस्टेलमध्ये ठेवलं होतं. आल्यावर आठवडाभरानं खोकायला लागला. डॉक्टर म्हणाले, केनेल कफ. पण कफ पडतच नाही, नुसता पांढरा फेस येतो. घरातलं कफ सुटायचं औषध पाजू का? आणि याला मराठीत काय म्हणायचं?’

ताई, आधी ते औषध बाजूला ठेवा. माणसाच्या खोकल्याच्या औषधातले काही घटक कुत्र्याला विषारी ठरतात. आणि मुळात हा कफ आपला नव्हेच. आपला कफ वात-पित्ताच्या पंगतीतला, संस्कृतातून आलेला. ‘केन जलेन फलति’, पाण्यानं वाढतो तो, अशी त्याची फोड करतात. इंग्रजीतला कफ म्हणजे निव्वळ खोकला, आणि तो शब्द खोकण्याच्या आवाजावरूनच पडलेला आहे. त्याचा उच्चार ‘कॉफ’च्या जवळ जातो. पण ‘कफ सिरप’च्या बाटलीबरोबर तो घरोघर ‘कफ’ होऊन शिरला आणि आपण त्यातून बेडका शोधू लागलो.

तुमच्या कुत्र्याचा खोकला कोरडा आहे. असा खोकला मी परभणीकडच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, जवळून पाहिलाय. कुत्रं मान पुढं ताणायचं, पुढचे पाय फाकवायचं आणि बदकानं ओरडावं तसा आवाज काढायचं. शेवटी ओकारी काढल्यासारखं करून जमिनीवर चमचाभर पांढरा फेस. घरची म्हातारी म्हणाली, ‘हाडूक अडकलंय की काय, रातभर ढासायलंय!’ आणि उबळ सरली की तेच कुत्रं शेपूट हलवत भाकरीला हजर.

म्हातारीच्या तोंडी शब्द आलाच: ढास. खाकरण्यात कफ असतो, ठसका एकदाच लागतो, उबळ येते नि जाते. ढास मात्र कोरडी आणि पिच्छा न सोडणारी. माझ्या कानावर तरी माणसं खोकतात आणि गुरं ढासतात असंच आलंय. म्हणून मी ‘कुत्र्याची ढास’ म्हणेन. छापायचंच असेल तर ‘संसर्गी ढास’.

‘केनेल’ही तितकंच फसवतो. गाईला गोठा, कोंबडीला खुराडं, घोड्याला तबेला. कुत्र्याच्या घराला मात्र आपल्याकडं तसा रुळलेला शब्द नाही, कारण ते ओसरीवर नाहीतर आखाड्यावर राहिलं. त्यामुळं ‘आमचं कुत्रं कुठं केनेलमध्ये राहिलंय?’ असं म्हणून लोक निर्धास्त होतात. पण खोकल्याच्या तुषारांतून, एकाच भांड्यातल्या पाण्यातून ही ढास रस्त्यावरही लागते. पुष्कळ कुत्री एका जागी कोंडली की वेगानं पसरते, एवढाच त्या नावाचा अर्थ. लागण झाल्यापासून साधारण 2 ते 14 दिवसांत खोकला सुरू होतो, म्हणजे तुमचा आठवडा बरोबर बसतो.

कारणं अनेक: पॅराइन्फ्लुएन्झा, ॲडिनो हे विषाणू आणि बोर्डेटेला हा जिवाणू. हे बोर्डेटेला नाव बेल्जियमचे शास्त्रज्ञ ज्यूल बोर्डे यांच्यावरून आलं; 1906 मध्ये त्यांनी नि त्यांचे सहकारी झांगू यांनी आपल्या डांग्या खोकल्याचा जिवाणू वेगळा काढला होता. कुत्र्याचा जिवाणू त्याच कुळातला, पण वेगळा. कुत्र्यामुळं मुलांना डांग्या होत नाही. घरात कुणाची प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर मात्र त्यांनी अंतर ठेवावं.

खातंपितं कुत्रं बहुधा 1 ते 3 आठवड्यांत बरं होतं. तोवर गळपट्टा काढून छातीचा पट्टा घाला, कारण गळा ओढला की ढास उसळते. चुलीचा, उदबत्तीचा धूर लागू देऊ नका. भांडं वेगळं ठेवा, दुसऱ्या कुत्र्यांत सोडू नका. अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितलं तरच. खाणं सुटलं, ताप आला, नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड आला किंवा धाप लागली तर थांबू नका. न्यूमोनिया असू शकतो, लस न घेतलेल्या पिल्लात डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोगही. म्हाताऱ्या कुत्र्याची ढास कधी हृदयाचीही असते.

लस असते, नाकात सोडायचीही मिळते. पुढच्या वेळी ठेवायच्या आधी डॉक्टरांना विचारा. आणि त्या हॉस्टेलवाल्यांना आजच फोन करून कळवा. त्या चार दिवसांत तिथं असलेली बाकीची कुत्रीही कदाचित आता ढासत असतील, आणि त्यांच्या घरचेही कफच शोधत बसले असतील.