बंदुका आणि गोळीबार खरे वाटतील अशा ॲक्शन कादंबऱ्या कोणत्या?

तुमची तक्रार अशी की सिनेमातला हीरो एका पिस्तुलातून अर्धा तास गोळ्या झाडतो, कादंबऱ्यांतही तेच वाचायला मिळतं, आणि आता शस्त्रांची जाण असलेल्या लेखकाचं काहीतरी वाचायचं आहे.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर फ्रेडरिक फोर्सिथचं ‘द डे ऑफ द जॅकल’ (१९७१) घ्या. त्यात गोळ्या फार कमी सुटतात, आणि म्हणूनच प्रत्येक गोळीला वजन आहे. ब्रसेल्समधला बंदूक घडवणारा गूसेन्स आणि त्याचं गिऱ्हाईक, म्हणजे भाडोत्री मारेकरी जॅकल, यांचं बोलणं सावकाश वाचा. अंतर किती, लक्ष्य हलतं की स्थिर, नेम डोक्यावर की छातीवर, दुसरी गोळी मारायला सवड मिळेल का? शिंप्याने मापं घ्यावीत तसे प्रश्न चालतात आणि रायफलीचा आकार त्या उत्तरांतून ठरत जातो. ती कशात लपवली जाते ते इथे सांगत नाही.

पुढे बेल्जियमकडच्या आर्देनच्या जंगलात जॅकल एक खरबूज झाडाला टांगतो, त्यावर नाकडोळे रंगवतो आणि रायफलीवरची दुर्बीण जुळवत बसतो. गोळी झाडायची, चालत जाऊन भोक कुठे पडलं ते बघायचं, स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा जागेवर येऊन झाडायची. बहुतेक लेखक हा भाग गाळतात. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसते आणि गोळी नळीतून सुटल्यापासून खाली पडायला लागते, त्यामुळे नजरेची रेघ आणि गोळीची वाट फार तर दोनच ठिकाणी एकमेकींना छेदतात. त्यातलं कोणतं अंतर आपल्याला हवं ते आधी ठरवून जुळवावं लागतं. नवी दुर्बीण चढवून थेट कामगिरीवर निघणारा स्नायपर दिसला की पुस्तक मिटायला हरकत नाही.

फोर्सिथही चुकतो, बरं का. सुरुवातीला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावरच्या १९६२च्या हल्ल्याचं वर्णन आहे. कटवाल्यांनी संधिप्रकाशाची वेळ आदल्या वर्षीच्या कॅलेंडरातून घेतली आणि पंचवीस मिनिटांनी फसले, असं तो लिहितो. घरात पंचांग असणाऱ्या कुणालाही हे खटकेल. त्याच गावी, त्याच तारखेला सूर्यास्त वर्षागणिक फार तर मिनिट-दोन मिनिटं सरकतो. शिवाय शिशाच्या गोळीत पारा भरायची त्याची युक्ती ऐकायला झकास आहे, पण पारा शिशात हळूहळू मुरतो, हे रसायनशास्त्राचं पुस्तक सांगेल. एवढं सोडून द्या.

दुसरं पुस्तक स्टीफन हंटरचं ‘पॉइंट ऑफ इम्पॅक्ट’ (१९९३). नायक बॉब ली स्वॅगर हा व्हिएतनाम युद्धात लढलेला अमेरिकन मरीन स्नायपर, आणि कार्लोस हॅथकॉक या खऱ्या स्नायपरची सावली त्याच्यावर स्पष्ट आहे. हंटर पेशाने चित्रपट समीक्षक होता, समीक्षेसाठीच त्याला २००३चा पुलित्झर पुरस्कार मिळाला, पण बंदुकीचं वेड अस्सल. लांब पल्ल्याचं गणित त्याच्याइतकं चवीने कुणी लिहीत नाही. शंभर यार्डांवर जुळवलेल्या .३०८ (हा गोळीचा व्यास, इंचात) रायफलीची गोळी सहाशे यार्डांवर दोन मीटरांहून जास्त खाली जाते. वारा आडवा असेल तर ती बाजूलाही सरकते, आणि नळीपाशी वारा एका दिशेचा तर दरीत दुसऱ्याच दिशेचा असू शकतो. असे नेम वाचताना आणखी एक गोष्ट तपासा. ही गोळी सेकंदाला आठशे मीटरांच्या आसपास वेगाने निघते, आवाज सुमारे ३४० मीटरांनी जातो. म्हणजे सहाशे मीटरांवरच्या माणसाला आधी गोळी लागते, बार नंतर पोचतो. ‘बार ऐकून त्याने मान खाली घातली आणि तो वाचला’ हे वाक्य तिथे चालत नाही.

याच्या उलट टोकाला इयान फ्लेमिंगचा बॉन्ड. पहिल्या पुस्तकांत तो ६.३५ मिलिमीटरचं चिमुकलं बेरेटा बाळगतो. ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड या बंदुकांच्या जाणकाराने १९५६ मध्ये फ्लेमिंगला पत्र लिहून कळवलं की हे बाईमाणसाच्या पर्समधलं हत्यार आहे, बदला. फ्लेमिंगने सल्ला मानला. ‘डॉक्टर नो’ (१९५८) मध्ये ७.६५ मिलिमीटरचं वॉल्थर पीपीके आलं आणि शस्त्र देणाऱ्या मेजरचं नावही बूथरॉइड ठेवलं. पण सल्ला ऐकताना गफलत झाली. सोबत दिलेलं बर्न्स-मार्टिन होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) हे रिव्हॉल्व्हरसाठी बनलेलं. सपाट पिस्तूल त्यात नीट बसतच नाही. जाणकाराकडून नुसती नावं घेतली आणि वस्तू हातात घेतली नाही की असं होतं.

इतर कुठलीही कादंबरी उचलाल तेव्हा पहिला गोळीबार उघडा आणि गोळ्या मोजा. रिव्हॉल्व्हरमध्ये बहुधा ६. जुन्या कोल्ट १९११ पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये (गोळ्यांच्या पेटीत) ७, ग्लॉक १७ पिस्तुलामध्ये १७, कलाश्निकोव्हमध्ये, म्हणजे एके-४७ मध्ये, ३०. कलाश्निकोव्ह मिनिटाला सहाशेच्या गतीने झाडते, म्हणजे चाप दाबून धरला तर मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं. पानभर ‘धडधडणारी’ एके-४७ त्यामुळे लगेच पकडता येते. आपल्या पोलिसांच्या हातात कित्येक दशकं असलेली थ्री नॉट थ्री दहा गोळ्यांची; त्या पाच-पाचच्या पट्टीने वरून भरायच्या, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायचा. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला नेमाच्या पंधरा गोळ्यांची अपेक्षा असे. १९६२ च्या लढाईवरच्या कादंबरीत आपला जवान हीच रायफल घेऊन ‘सटासट’ गोळ्यांचा पाऊस पाडत असेल तर लेखकाने ती बघितलेली नाही.

सायलेन्सर म्हणजे ‘फुस्स’ नव्हे. पिस्तुलाचा बार साधारण १६० डेसिबलचा, सायलेन्सरने तो २०-३० ने उतरतो; शेजारच्या खोलीत ऐकू जाणारच. रिव्हॉल्व्हरवर सायलेन्सर तर जवळजवळ नेहमीच चूक, कारण फिरतं चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून आवाज बाहेर पडतो. रशियन नागान १८९५ हा प्रसिद्ध अपवाद: त्याचं चक्र पुढे सरकून फट बंद करतं. ग्लॉकचा घोडा, म्हणजे मागून आपटणारा खटका, ‘कट्’कन मागे ओढणारा नायक विनोदी, त्या पिस्तुलाला बाहेर घोडाच नाही. आणि २०१० साली घडणाऱ्या कथेत ‘हवेत कॉर्डाइटचा वास’ आला, तर तो वास जुन्या कादंबऱ्यांतून उचललेला असतो. कॉर्डाइट ही जुनी बंदुकीची दारू केव्हाच वापरातून गेली.

लष्करातून आलेल्या लेखकांत अँडी मॅकनॅब (हे टोपणनाव) हा एसएएस या ब्रिटिश कमांडो दलातला माणूस. त्याची निक स्टोन मालिका ‘रिमोट कंट्रोल’ (१९९७) पासून सुरू होते. भाषा खरखरीत, पण अडकलेलं पिस्तूल, भिजलेले कपडे, थांबून थांबून करायची पाळत हे सगळं अंगावर येतं. जॅक कार हा अमेरिकन नौदलाच्या सील या कमांडो दलातला माजी सैनिक. ‘द टर्मिनल लिस्ट’ (२०१८) मध्ये तपशील अचूक आहे, मात्र बंदूक, दुर्बीण, पट्टा, सुरी यांच्या कंपन्यांची नावं इतकी येतात की मध्येच दुकानाची यादी वाचतोय असं वाटतं. काहींना नेमकं तेच आवडतं.

माझ्या मते चकमकीचं सर्वांत खरं चित्र कार्ल मार्लांटिसच्या ‘मॅटरहॉर्न’ (२०१०) मध्ये आहे. तो व्हिएतनाममध्ये मरीन अधिकारी होता. तिथे प्रश्न बंदुकीच्या मॉडेलचा नसतो. पाणी संपलंय, काडतुसं संपत आली आहेत, पायांना जंगलातली बुरशी चढली आहे आणि धुक्यामुळे हेलिकॉप्टर उतरत नाही. रंजन म्हणून घेऊ नका, जड आहे.

मुंबई हवी असेल तर विक्रम चंद्रांची ‘सेक्रेड गेम्स’ (२००६). पिस्तुलाला ‘घोडा’ म्हणणारी भाषा तिथे अस्सल उतरली आहे आणि हिंसा झटक्यात होऊन संपते.

मराठी अनुवाद घेणार असाल तर दोन पानं चाळून बघा. आपल्याकडे बंदूक, रायफल, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. चाप बोटाने ओढायचा आणि घोडा मागून आपटतो, तरी ‘घोडा दाबला’ हेच जास्त छापलं जातं. रिव्हॉल्व्हरमधून जमिनीवर टपटप पुंगळ्या पडताना दिसल्या तर अनुवाद ठेवून मूळ पुस्तक घ्या: रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या चक्रातच राहतात, चक्र उघडून हाताने काढाव्या लागतात.