घासांची वही

"मॅडम, पोरगी काही खातच नाही." नागपुरात उन्हाळा लागला की हे वाक्य माझ्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतं. (त्या उन्हात मोठ्यांची भूक मरते, तिथे लेकरांचं काय घेऊन बसलात!)

मानेवाड्याची एक आई आठवते. मुलगी दीड वर्षाची. पर्समधून तिने शाळेची वही काढली. पानोपानी घास मोजलेले: उपमा ४, वरण-भात ७, थुंकले २.

"शेजारचा पोट्टा हिच्याच वयाचा, १२ किलोचा आहे. ही ९.१. सासूबाई म्हणतात, उपाशी ठेवतेस काय पोरीला?"

भरवणं कसं, तर समोर मोबाइल, सासूबाई हात धरणार, ही तोंडात चमचा कोंबणार. तासभर. शिवाय 'निदान दूध तरी जाऊ दे' म्हणून दिवसाला लिटरभर दूध. या वयात अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की जेवणाला भूक उरत नाही, लोहही कमी पडतं. म्हणून हिमोग्लोबिन बघायला तिला आधी बालरोगतज्ज्ञांकडे धाडलं.

पहिल्या दोन भेटींत मी खाण्यावर बोललेच नाही. ताटावरचं भांडण बहुतेकदा ताटातल्या अन्नाचं नसतंच, हे माझं जुनं मत. तिसऱ्या भेटीत लसीकरणाचं कार्ड मागवलं. वजनं नोंदलेली होती, वाढीचा तक्ता मात्र कोरा. मी तिच्या हातात पेन्सिल दिली.

जन्माला २.८. सहाव्या महिन्यात ६.५, नवव्यात ७.४, वर्षाला ७.९, आता ९.१. एकेक ठिपका देऊन तिने ते जोडले. रेघ मधल्या रेषेच्या थोडी खालून, पण तिच्या सोबतीनेच, हिरव्या (म्हणजे ठीक वाढीच्या) पट्ट्यातून वर गेली होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"मॅडम, ही तर आपल्या रस्त्यानंच चालली आहे."

इतकी वर्षं मी हेच सांगत आले, इतकं नेमकं मला कधी जमलं नव्हतं.

"आणि शेजारचा?" मी विचारलं.

"तो मुलगा. त्याचा तक्ताच वेगळा." त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये आणलेले हे तक्ते सहा देशांतल्या मुलांवरून बनले, त्यांत दिल्लीचीही मुलं होती. तेव्हा 'ते परदेशी मापं' म्हणायची सोय नाही. पहिल्या वर्षात वजन जवळपास तिप्पट होतं, दुसऱ्यात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. भूक मंदावणारच. एकटा ठिपका काही सांगत नाही, रेघ बघायची. ती दोन-तीन महिने आडवी राहिली, खाली वळली, मूल फिकट किंवा मलूल दिसलं, तर मात्र शेजारी सोडा, डॉक्टर गाठा. वजन त्याच काट्यावर, तसल्याच कपड्यांत, महिन्यातून एकदा. काय आणि कधी वाढायचं हे आईने ठरवावं, किती खायचं ते लेकराने.

महिन्याभराने ती आली. दूध दोन कपांवर आणलं होतं, मोबाइल जेवणातून उठला होता. पोरगी स्वतःच्या हाताने खाते, निम्मा भात फरशीवर.

"किती घास खाते आता?" मी मुद्दाम विचारलं.

"मोजलेच नाही वो. वही सासूबाईंनी दुधाच्या हिशोबाला घेतली."