झिरो माइलवरून समुद्र : 'नेव्ही तयार आहे' म्हणजे नेमकं काय तयार आहे?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की आपल्या घरातल्या सिलिंडरचा रस्ता होर्मुझच्या सामुद्रधुनीतून, म्हणजे इराण आणि ओमानमधल्या चिंचोळ्या समुद्री वाटेतून येतो, आणि त्यावर एवढे मेसेज आले की या वेळी अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकतोय. बोटीवर नोकरी कशी लागते विचारणाऱ्या पोरांनो, तुमचं पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न : साहेब, पेपरात सारखं वाचतो की अमुक देशाची नेव्ही होर्मुझच्या संयुक्त मोहिमेत जायला तयार आहे, तमुक देश विचार करून राहिला. आपली एवढी मोठी नेव्ही, मग आपण त्यात का नसतो? आणि हे 'तयार' म्हणजे नक्की काय असतं?
*(एक निवृत्त शिक्षक, मानेवाडा)*

सर, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. मंत्री माइकसमोर 'आम्ही तयार आहोत' म्हणतात ते लग्नघरी 'काही लागलं तर सांगा हं' म्हणण्यासारखं असतं. खरंच लागतं तेव्हा कळतं कोणाच्या घरी मोठं पातेलं आहे आणि कोणाच्या घरी नुसतं झाकण.

उदाहरण सांगतो. डेन्मार्कने त्यांची 'इव्हर ह्युटफेल्ट' नावाची फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराची युद्धनौका, तांबड्या समुद्रात पाठवली, अमेरिकेच्या पुढाकाराने तिथे येमेनच्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांपासून जहाजं वाचवायची मोहीम चालू होती त्यात. मार्च 2024 मध्ये ड्रोन अंगावर आले आणि ऐन वेळी बोटीची रडार-मिसाइल सिस्टम गडबडली, जवळपास अर्धा तास मिसाइल सुटेना. तोफ चालू होती पण तिचे बरेच गोळे ड्रोनपर्यंत पोचायच्या आधीच फुटत होते. तरी पोरांनी चार ड्रोन पाडले, त्यांना मानलं पाहिजे. पुढे ही गोष्ट संरक्षणमंत्र्यांना सांगितलीच नव्हती असं निघालं आणि एप्रिलमध्ये तिथल्या सेनाप्रमुखांची खुर्ची गेली. म्हणजे बघा, देश श्रीमंत, बोट आधुनिक, इच्छा शंभर टक्के, आणि दारूगोळा ऐन वेळी दगा देणारा.

आता होर्मुझ. तिथली खरी भानगड ड्रोनपेक्षा जुनी आहे, ती म्हणजे माइन, पाण्यातला सुरुंग. 1987 मध्ये इराण-इराक युद्धात टँकरवर हल्ले सुरू होते म्हणून अमेरिकेने कुवेतच्या टँकरवर स्वतःचे झेंडे लावले आणि युद्धनौकांच्या पहाऱ्यात ते न्यायला सुरुवात केली. पहिल्याच ताफ्यात 24 जुलैला 'ब्रिजटन' नावाचा चार लाख टनी टँकर माइनवर गेला. टँकर एवढा अवाढव्य की भोक पडलं तरी चालत राहिला, पण गंमत पुढे आहे. त्याच्या रक्षणाला आलेल्या युद्धनौकांची पत्र्याची जाडी बघता एक माइन त्यांना पुरली असती, तर त्या सगळ्या मुकाट्याने टँकरच्या मागे रांगेत लागल्या! म्हणजे ज्याचं रक्षण करायचं त्यालाच पुढे घालून. कारण काय, तर माइन काढणाऱ्या बोटी, माइनस्वीपर, सोबत आणल्याच नव्हत्या. त्या मग मागाहून आल्या, आणि ब्रिटन, फ्रान्स, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स यांनीही आपापल्या पाठवल्या.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये 'सॅम्युअल बी. रॉबर्ट्स' ही अमेरिकन फ्रिगेट माइनवर गेली. माइनचं डिझाइन 1908 सालचं, रशियन, किंमत दीडेक हजार डॉलर. बोटीचा कणा मोडला, वरचा भाग फाटत होता तो खलाशांनी स्टीलच्या दोरांनी अक्षरशः बांधून धरला, आणि दुरुस्तीला नऊ कोटी डॉलरच्या आसपास गेले. हा हिशोब कुठलीच नेव्ही विसरलेली नाही.

मग आपलं काय? इथे मला थोडं कडू बोलावं लागेल. आपल्या नेव्हीची शेवटची माइनस्वीपर 'आयएनएस कोझिकोड' 2019 मध्ये निवृत्त झाली आणि तिच्या जागी एकही आली नाही. विमानवाहू बोटी आहेत, अणुपाणबुड्या आहेत, डिस्ट्रॉयर तर पाहत राहावे असे आहेत, पण हे झाडू मारायचं काम करणारी बोट नाही. कोरियाशी वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या आणि बारगळल्या. जुलै 2025 मध्ये नव्या बोटींना तत्त्वतः मंजुरी मिळाली, पण मंजुरीपासून बोट पाण्यात उतरायला किती वर्षं लागतात ते आपल्याकडे उड्डाणपुलाखालून रोज जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आणि यात आपण एकटे नाही हो, अमेरिकेने स्वतः बहरीनला ठेवलेल्या चार जुन्या माइनस्वीपर 2025 मध्येच निवृत्त केल्या. झाडूचं काम कोणालाच आवडत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. आपण जातो, पण दुसऱ्याच्या हुकमाखाली जात नाही. जून 2019 मध्ये ओमानच्या आखातात टँकरवर हल्ले झाले तेव्हा अमेरिकेने बहरीनला मुख्यालय ठेवून एक आघाडी उभी केली, फ्रान्सने युरोपियन देशांची वेगळी केली आणि तिचं ऑफिस अबू धाबीत थाटलं. आपण दोन्हीत गेलो नाही. आपण 'ऑपरेशन संकल्प' सुरू केलं, 'आयएनएस चेन्नई' आणि 'आयएनएस सुनयना' पाठवल्या आणि आपल्या झेंड्याच्या जहाजांना सोबत दिली. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात पुन्हा तेच, आघाडीत नाव नाही पण अरबी समुद्रात दहाच्या वर बोटी. जानेवारी 2024 मध्ये 'मार्लिन लुआंडा' टँकर पेटला तेव्हा विझवायला 'आयएनएस विशाखापट्टणम'ची माणसं चढली, त्यावर 22 भारतीय होते. मार्चमध्ये 'रुएन' जहाज चाच्यांकडून सोडवलं, त्यासाठी नेव्हीचे मार्कोस कमांडो सी-17 विमानातून थेट समुद्रात उतरवले, 35 चाचे पकडले, 17 खलाशी सुखरूप.

का एकटे? कारण आघाडीत गेलं की गोळी कधी झाडायची यात आघाडीच्या प्रमुखाचाही शब्द येतो आणि झाडल्यावर शत्रू सगळ्यांचा होतो. इराणच्या चाबहार बंदरात आपली गुंतवणूक आहे, पलीकडच्या किनाऱ्यावर आखाती देशांत ऐंशी-नव्वद लाख भारतीय कमावतात. दोन भावांच्या भांडणात ज्याची दोन्ही घरी सोयरीक आहे तो काय करेल, तेच आपण करतो. मला विचाराल तर हे धोरण बरोबर आहे, फक्त एकट्याने जायचं तर सगळं सामानही स्वतःचं लागतं, आणि आपल्या ट्रंकेत नेमका झाडू नाही.

प्रश्न : काका, मले एक सांगा, तो पानी हाये कोनाचा? सगळेच आपला मनतात. आन् एवढा समुद्र असून बोटी थितूनच काऊन जातात, बाजूनं काऊन नाही जात?
*(कळमन्यातून एक ट्रान्सपोर्टवाले भाऊ)*

भाऊ, तुम्ही ट्रान्सपोर्टवाले म्हणजे तुम्हाला लगेच कळेल. सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी 39 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बर्डीवरून बुटीबोरीच्या थोडं पुढे. पण सगळीकडे जहाज चालत नाही. भरलेल्या मोठ्या टँकरचं पोट पाण्याखाली वीस-बावीस मीटर असतं, म्हणून जायची एक लेन, यायची एक लेन, प्रत्येकी दोन सागरी मैल, आणि मध्ये दोन मैलांचा डिव्हायडर समजा. एक लेन म्हणजे बर्डी ते अजनी चौकाच्या जरा पुढे, बस. तेवढ्यातून 2024 च्या आसपास रोज दोनेक कोटी बॅरल तेल जायचं, जग जेवढं वापरतं त्याचा पाचवा हिस्सा, कतारचा गॅस वेगळा.

मालकीचं असं की प्रत्येक देशाला किनाऱ्यापासून 12 सागरी मैल पाणी मिळतं. इकडे इराण, तिकडे ओमानचं मुसंदम नावाचं टोक, दोघांचे बारा-बारा म्हणजे 24, आणि रुंदी, तेच 39 किलोमीटर, आहे 21 सागरी मैल. म्हणजे मध्ये बिनमालकीचं पाणी उरतच नाही. जहाजांच्या त्या लेन अरुंद जागी ओमानच्या बाजूला पडतात. समुद्राच्या 1982 च्या आंतरराष्ट्रीय करारात अशा सामुद्रधुनीतून सगळ्यांना न अडवता जायचा हक्क दिलाय, पण इराणने त्यावर सही केली आणि मंजुरी दिलीच नाही, आणि म्हणतो हा हक्क करार मानणाऱ्यांनाच, अमेरिकेने तर सहीच केलेली नाही. थोडं आत गेलं की अबू मुसा आणि दोन तुंब बेटं, ती इराणने 1971 मध्ये घेतली, यूएई आजही म्हणतं आमची. सातबाऱ्यावर दोन नावं अन् कब्जा एकाचा, तुम्हाला माहीतच आहे असं वावर कसं असतं.

बाजूने रस्ता नाही, कारण मागे आखात म्हणजे बंद बोळ आहे. पाइपलाइन आहेत, सौदीची तांबड्या समुद्रावरच्या यान्बूपर्यंत आणि यूएईची फुजैरापर्यंत, पण सगळा माल त्यांत मावत नाही.

मी स्वतः तिथून किती वेळा गेलो मोजलं नाही. इंजिन रूममध्ये 48-50 डिग्री, आपला मे महिना बरा वाटेल. एकदा ड्यूटी संपवून डेकवर आलो तर बाजूने ओमानच्या खसाबकडून आलेल्या स्पीडबोटी सूं करून चालल्या होत्या, त्यात सिगारेटचे खोके रचलेले, इराणकडे. उलट येणाऱ्या बोटीत बकऱ्या! वर ब्रिजवर रेडिओवर इराणी नेव्ही जहाजाचं नाव, झेंडा, कुठून कुठे विचारून राहिली, एका बाजूला अमेरिकन युद्धनौका उभी, आणि मधून बकऱ्या निघाल्या. तस्करीवाल्यांना कोणाच्याच आघाडीत जायचं नव्हतं.

प्रश्न : सर, मी एमपीएससी करतेय. जपान आणि जर्मनीला तर तेलाची गरज आहे, नेव्ही पण चांगली आहे, मग दर वेळी जायचं की नाही यावर त्यांच्याकडे एवढा वाद का होतो?
*(एक विद्यार्थिनी, धरमपेठ)*

बेटा, चांगला प्रश्न. दोघांच्या मानेवर दुसऱ्या महायुद्धाचं ओझं आहे आणि ते त्यांनी कायद्यात लिहून ठेवलंय. जर्मनीत सैन्य असं बाहेर लढायच्या मोहिमेवर पाठवायचं तर संसदेची, बुंडेस्टागची, मंजुरी लागते. 2019 मध्ये होर्मुझच्या अमेरिकन आघाडीला त्यांनी सरळ नाही म्हटलं. 2024 मध्ये तांबड्या समुद्रातल्या युरोपच्या 'अ‍ॅस्पिडीज' मोहिमेत 'हेसन' फ्रिगेट पाठवली, आणि तिने पहिल्याच दिवसांत चुकून अमेरिकेच्याच रीपर ड्रोनवर दोन मिसाइल सोडली. नशिबाने दोन्ही वाया गेली. ड्रोन मित्राचा आहे हे मित्राने वेळेत कळवलं नव्हतं, एकाच पाण्यात दोन आघाड्या असल्या की हे असं होतं.

जपानचं मला जास्त आवडतं. 1991 मध्ये आखाती युद्ध संपल्यावर त्यांनी चार लाकडी माइनस्वीपर पाठवल्या. हो, लाकडी, कारण लोखंड असलं की चुंबकावर फुटणारी माइन जागी होते. त्या छोट्या बोटी महिनाभर समुद्र कापत गेल्या आणि त्यांनी 34 माइन निकामी केल्या, त्यांच्या सैन्याची अशी पहिलीच परदेश मोहीम. 2015 मध्ये पंतप्रधान आबेंच्या सरकारने सैन्याबद्दलचा कायदा बदलला तेव्हा संसदेत उदाहरण होर्मुझच्या माइनचंच दिलं होतं. आणि एवढं करून 2020 मध्ये बोट पाठवली ती आघाडीत नाही, वेगळी, माहिती गोळा करायला, आणि होर्मुझच्या बाहेर! मुख्य परीक्षेला हे लिहिशील तर 'तटस्थता' हा शब्द वापरू नको, तो चुकीचा आहे.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा डेक कॅडेट म्हणून टँकरवर गेलाय, सहा महिने झाले. आता बोट आखातात जाणार म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात परत बोलव. मी दिवसभर मोबाइलवर त्याची बोट बघत बसते. काय करू?
*(एक आई, बेसा)*

ताई, 'काही होत नाही' असं मी म्हणणार नाही. जुलै 2019 मध्ये इराणने 'स्टेना इम्पेरो' ताब्यात घेतलं त्यावर 23 पैकी 18 भारतीय होते, एप्रिल 2024 मध्ये 'एमएससी एरिस' धरलं त्यावर 17. दोन्ही वेळा पुढे सुटका झाली, पण आईसाठी ते दिवस कसे असतात ते मला माझ्या आईकडून माहीत आहे.

परत बोलवायचा निर्णय त्याच्यावर सोडा, पण त्याला त्याचा करार वाचायला लावा. युनियनचा करार असलेल्या जहाजांवर एखादा पट्टा युद्धजन्य जाहीर झाला असेल तर तिथे जायला खलाशी नाही म्हणू शकतो आणि कंपनीने तिच्या खर्चाने घरी पाठवायचं असतं, गेला तर जादा पगार. जाहीर झालाय का आणि त्याच्या बोटीला तो करार लागू आहे का, हे त्याने कॅप्टनला विचारावं, विचारण्यात लाज नाही. एजंटचा आरपीएसएल नंबर (म्हणजे सरकारी परवान्याचा), जहाजाचं नाव, त्याच्या सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या ओळखपुस्तकाची, झेरॉक्स घरी फाइलमध्ये ठेवा. बोटीचं नाव आणि ती कुठे आहे हे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकू नका, मावशीच्या ग्रुपवरही नको.

आणि ते मोबाइलवरचं अ‍ॅप. त्या भागात जीपीएस जॅम करतात, मग अ‍ॅपवर बोटी भलतीकडेच दिसतात, कधी गोल गोल फिरताना, कधी थेट जमिनीवर. एखाद्या दुपारी तुमच्या मुलाचा टँकर वाळवंटात उभा दिसला तर त्याच्या बाबांना दाखवू नका, फोन ठेवा, चहा घ्या आणि रात्री परत बघा.