तळपायाची आग मस्तकात, पण कोरियनमध्ये

प्रश्न असा आहे: "कोरियन मालिका बघून बघून 'मला राग आला' म्हणजे 'ह्वानास्सॉ' एवढं कळलं. पण हा तर भूतकाळ! राग आत्ता आलाय, मग भूतकाळ कशाला? आणि नुसता राग नाही, अगदी तळपायाची आग मस्तकात गेली असेल तर काय म्हणायचं?"

पहिली शंका मराठी माणसाला खरं तर पडायला नको. आपल्यालाही भूक 'लागली', झोप 'आली', राग 'आला'. आला आणि अजून मुक्कामाला आहे. कोरियन 'ह्वानास्सॉ' तसंच. इंग्रजीच्या वाटेने कोरियनकडे गेलं की हे उगाच अवघड वाटतं.

'ह्वा' म्हणजे आग, चिनीतून आलेला शब्द. 'नादा' हे क्रियापद आपल्या 'येणे'च्या फार जवळचं: घाम 'नादा', आठवण 'नादा', राग 'नादा'. त्याचाच जोडीदार 'नेदा', म्हणजे बाहेर काढणे. 'ह्वानादा' म्हणजे राग येणे, 'ह्वानेदा' म्हणजे रागावणे, राग काढणे. म्हणून समजूत घालताना 'ह्वानेजी मा' म्हणतात, रागावू नकोस. येणाऱ्या रागाला कोण अडवणार?

आता संताप. 'नॉमु' म्हणजे 'फारच'; तो पुढे लावून 'नॉमु ह्वानास्सॉ' म्हणता येतं, पण ते मिळमिळीत. बोलीत चालतं ते 'यॉल-बात्ता'. 'यॉल' म्हणजे उष्णता, 'बात्ता' म्हणजे मिळणे. थोडक्यात, डोकं तापणे. हाच 'यॉल' 'नादा'बरोबर आला की बहुधा अंगात ताप येतो. आपल्या 'ताप'सारखंच, आजारातही तोच आणि 'डोक्याला ताप' म्हणतानाही तोच. त्याहून वर गेलं की 'त्तुक्कॉङ यॉल्लिन्दा', झाकण उघडतं. भांड्यात वाफ कोंडली की होतं ते.

तुमच्या तळपायाला अगदी नेमकी जोड हवी असेल तर 'फिगा कॉक्कुरो सोत्ता': रक्त उलटं वर उसळणे. आपली आग चढते, त्यांचं रक्त, दिशा तीच.

माझा लाडका शब्द मात्र 'पुआ'. 'पुआगा छिमिल्दा' म्हणजे संताप उसळून वर येणे. 'पुआ' हा फुप्फुसाचा अस्सल कोरियन शब्द. रागाने छाती भात्यासारखी वरखाली होते ती आठवा, मग तो अवयव का निवडला असेल हे सांगावं लागत नाही. आणि 'यागी ओरुदा' तर आपल्याच स्वयंपाकघरातला वाटतो. शेतातली मिरची पक्व होऊन तिखट चढली की हेच शब्द वापरतात, आणि कुणी डिवचल्यावर माणूस चिडला तरीही हेच. आपल्याकडे मिरची झोंबते, तिकडे माणसातच तिखट भरतं.

गिळलेल्या रागाला वेगळं नाव आहे: 'ह्वाब्यॉङ', आगीचा आजार. वर्षानुवर्षं घरात सोसलेलं छातीत साचतं, आतून गरम वाटतं, घशाशी किंवा पोटात गोळा आल्यासारखं होतं. मध्यमवयीन बायकांच्या संदर्भात हा शब्द जास्त ऐकू येतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ सालच्या आपल्या निदानपुस्तिकेत विशिष्ट संस्कृतींशी जोडलेल्या विकारांच्या यादीत त्याची नोंद केली होती.

हे शब्द कुणासमोर वापरायचे ते मात्र सांभाळा. 'यॉल-बात्ता' मित्रांत ठीक. मालिकांत 'प्पाक्छिदा'ही कानावर पडेल; तो उद्धट आहे, शिक्षकांसमोर किंवा साहेबांसमोर चुकूनही नको. आजोबा संतापले तर त्यांच्या रागाला 'यॉक्चॉङ' हा वेगळा, भारदस्त शब्द आहे. क्रियापदही अर्थातच आदरार्थी.

शिवाय कडाक्याचं भांडण झालं की कोरियन माणसाला रागाचा शब्द लागतही नाही. तो आदरार्थी रूपं सोडून 'पान्माल'वर येतो. 'पान' म्हणजे अर्धं, 'माल' म्हणजे बोलणं. आपण 'अरे-तुरेवर येणं' म्हणतो तेच. मग समोरून हमखास येतं: 'वे पान्मारिया?', अरे-तुरे काय करतोस? आणि त्यापाठोपाठ 'नॉ म्यॉत्सारिया?', तुझं वय काय रे? गंमत अशी की हे दोन्ही प्रश्न विचारले जातात तेही अरे-तुरेतच.