गावाचा ग्रुप सांभाळताना

सस्नेह आशीर्वाद.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं काम तू अंगावर घेतलंस, बरं वाटलं. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून आधी पुराचंच लिहितो.

गोव्यातल्या साखळी शहराच्या बाजारात वाळवंटी नदीचं पाणी शिरल्याचा व्हिडिओ येईल, खाली ओळ असेल, 'अंजुणे धरणाचे दरवाजे उघडले'. वर दोन बाण दिसले तर तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय. असा मेसेज एप्रिल 2020 पासून एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. पण मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण गळून पडतात. बाण नाहीत म्हणून खरं धरू नकोस. व्हिडिओ थांबव, स्क्रीनशॉट घे, गुगल लेन्समध्ये टाकून ते चित्र आधी कुठे आलंय का शोध. पाठवणाऱ्याला एवढंच विचार, 'तू स्वतः काढलास? किती वाजता?' उत्तर 'दुसऱ्या ग्रुपवर आला' असं आलं, तर साखळीत दुकान असलेल्या कुणाला तरी फोन कर.

माणसं खोटेपणा करायला पाठवत नाहीत, काळजीने पाठवतात. ट्विटरवर फिरलेल्या सुमारे 1 लाख 26 हजार बातम्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्के जास्त निघाली, आणि ते काम यंत्रांपेक्षा माणसांनीच केलं होतं. नवं, धक्का देणारं काही कळलं की ते आपल्या माणसाला लगेच सांगावंसं वाटतं. त्यामुळे चुकलेल्याला चारचौघांत झापू नकोस. दुसऱ्या वेळी खरी खबर असली तरी तो गप्प बसेल.

आता मराठी-कोकणीचा वाद. तो फेसबुकवर पेटतो आणि तिथून ग्रुपवर येतो. 2017 मध्ये कुठली पोस्ट किती दाखवायची हे ठरवताना फेसबुकने रागाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. 2020 मध्ये ते शून्यावर आणलं, पण मधल्या काळात चिडवणारं वाक्य लांब पोचतं हे लिहिणाऱ्यांना कळून चुकलं होतं. वर दिसणाऱ्या प्रतिक्रिया बहुधा निवडून लावलेल्या असतात. क्रम बदलून सगळ्या बघ. त्याहीआधी आपलं मत दोन वाक्यांत कागदावर उतरव. प्रतिक्रिया वाचून झाल्यावर आपलं कुठलं आणि उचललेलं कुठलं, हे वेगळं काढणं फार अवघड जातं. मला यात सर्वांत मोठा धोका हाच वाटतो.

उत्तर देताना समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत मांड, 'असंच ना?' विचार. निम्मी भांडणं इथेच विरतात. तिसऱ्या उलटउत्तराला ग्रुप सोडून थेट फोन लाव. चवथीला एकमेकांकडे आरतीला जाणारी माणसं आवाज ऐकला की नरमतात. पाठवलेलं पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतं, पण तेवढ्यात कुणी स्क्रीनशॉट घेतला तर इलाज नाही.

पुराच्या रात्री फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग कर. तू आणि आणखी दोघं पुरेत. मदतीसाठी एक फोन नंबर वर लावून ठेव, आणि पाणी ओसरलं की सकाळीच ग्रुप सगळ्यांना खुला कर.