सरकारी पदं घटली की खासगी पगार का बसतात?

‘सरकारी नोकऱ्या कमी झाल्या तर आम्हा खासगीवाल्यांचं काय बिघडतं? उलट कर वाचेल,’ असं तुम्ही विचारलंय. बिघडतं, आणि बरंच बिघडतं. माझी सगळी नोकरी खासगी शाळांची पगारपत्रकं लिहिण्यात गेली, म्हणून शिक्षकांचंच उदाहरण देतो.

महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं वेतनश्रेणी नाही, फक्त मानधन. प्राथमिकला ते बरीच वर्षं ६,००० रुपयांवर अडकून होतं. २०२३ मध्ये १६,००० झालं. मधल्या काळात, २०१२ पासून, भरतीच बंद झाली आणि पुढे सुटली तीही थोडीथोडी. डी.एड., बी.एड. होणारी मुलं मात्र थांबली नव्हती. ती सगळी विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या दारात आली.

मुलाखत कशी चालायची बघा. समोर बी.एससी. बी.एड. मुलगी, दहावीला गणित शिकवायची तयारी असलेली. संस्थाचालक आकडा सांगतात. ती म्हणते, ‘सर, एवढ्यात खोलीभाडं आणि येण्याजाण्याचा खर्चही निघत नाही.’ उत्तर ठरलेलं: ‘सरकारच सहा हजार देतं, मॅडम. आणि ही अर्जांची फाईल बघा.’ सरकारी दर पडला की खासगी मालकाला तोच दाखवता येतो. पदं भरली नाहीत की फाईल जाड होते. पूर्ण पगारावर सही घ्यायची आणि निम्मी रक्कम रोख परत मागायची, हा प्रकारही त्याच जोरावर चालतो. सोडून जायला दुसरी जागाच नसेल तर तक्रार करायची हिंमत कोण करणार?

हे शिक्षकांपुरतं नाही. कायम सफाई कामगाराच्या जागी ठेकेदाराचा माणूस आला की शेजारच्या सोसायटीतल्या झाडूवाल्याचा भावही त्याच्यावरूनच ठरतो. मुंबई महापालिकेच्या कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं. तिथे २०१७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तालुक्याच्या गावात तर कायम पगारदार घटले की किराणावाल्याची उधारी आणि शिंप्याकडचं कामही बदलतं.

दुसरी बाजूही खरी आहे. सरकारी नोकरीच्या आशेवर मुलं ऐन उमेदीची वर्षं स्पर्धा परीक्षांत घालवतात, आणि काही खात्यांत काम कमी, माणसं जास्त आहेत. अशा ठिकाणी फेररचना करायला माझी हरकत नाही. पण शाळेतला वर्ग किंवा दवाखान्यातला वॉर्ड रिकामा ठेवून कुणाचाच फायदा होत नाही.

आता कराचं. पद रद्द झालं तरी काम उरतंच, मग ते बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतात आणि तिचं कमिशन आपल्याच करातून जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. तरुणांनी जिल्ह्याजिल्ह्यात विरोध केला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. त्या मोर्चांत खासगी शाळांतले शिक्षकही असायला हवे होते, कारण त्यांच्या पुढच्या पगाराचा आकडाही तिथेच ठरत होता.