आमच्या पुण्याच्या खासदाराने एखाद्या विधेयकावर काय मत दिलं, ते कुठे कळतं?

बहुतेक वेळा कुठेच नाही, कारण नोंदच होत नाही. बरीच विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात: 'हो'वाले ओरडतात, 'नाही'वाले ओरडतात आणि अध्यक्ष निकाल सांगतात. कुणा सदस्याने मतविभागणी मागितली तरच बटणं दाबली जातात आणि नावं लागतात. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे मतविभागणी होतेच.

शोधायचं असं: विधेयक कोणत्या तारखेला मंजूर झालं ते बघा, मग संसद डॉट इनवर लोकसभेच्या त्या दिवसाच्या चर्चेचं इतिवृत्त उघडा. मतविभागणी झाली असेल तर 'हो' आणि 'नाही' अशा नावांच्या याद्या असतात. तळटीप जरूर वाचा. बटण चुकलं तर सदस्य चिठ्ठीने मत दुरुस्त करतात, त्यामुळे पडद्यावरचा आकडा आणि अंतिम आकडा वेगळा असू शकतो.

नाव नाही म्हणजे विरोध, असं समजू नका. महिला आरक्षण विधेयक 20 सप्टेंबर 2023 ला लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झालं. त्या यादीत पुणे शोधलंत तर सापडणारच नाही. पुण्याचे खासदार गिरीश बापटांच्या निधनानंतर जागा रिकामीच होती. (विरोधातल्या दोघांपैकी एक मात्र महाराष्ट्रातले, औरंगाबादचे इम्तियाज जलील.)

आणि व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, असेल तर खासदाराचं स्वतःचं मत त्यात शोधू नका. व्हिप मोडला, अगदी तटस्थ राहिलं तरी, पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही तर खासदारकी जाऊ शकते.